पन्नासची लेन्स आणि देवरावकाका

देवरावकाका आमच्या घरी आले की चप्पल काढायच्या आधी ट्यूबलाइट बंद करतात. हा माणूस जन्मभर वीज खात्यात नोकरीला होता. "खिडकीतून एवढा उजेड येऊन राहिला, अन् तुमी विकतचा काहून जाळता?" मग आम्ही अर्धवट अंधारात मुकाट्याने चहा पितो. वाद घालायचं त्राण आता कोणात उरलंय?

काका वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. गळ्यात कायम कॅमेरा, त्याला पन्नास मिलिमीटरची, म्हणजे काकांच्या भाषेत पन्नासची लेन्स. झूम नाही, फ्लॅशचं तर नावच काढू नका. धरमपेठेतल्या आमच्या इमारतीत बारसं असो की सत्यनारायण, फोटो काकांनीच काढायचे. पन्नासच्या लेन्समध्ये माणसं मावली नाहीत की ते मागे सरकत जातात. आमच्या हॉलमधून सरकत सरकत थेट समोरच्या पाठकांच्या घरात. पाठकवहिनी हल्ली विचारतही नाहीत, नुसतं दार उघडतात.

खरा वैताग पुढे आहे. लेन्सच्या आत लहानमोठं करता येणारं एक भोक असतं. काका ते कायम सताड उघडं ठेवतात. "उजेड आत येऊ द्या नं गा." उजेड भरपूर येतो, पण एकाच अंतरावरचं माणूस स्पष्ट दिसतं, पुढचेमागचे सगळे धुक्यात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात भटजी झकास आलेत. जावई कोणता, ते सांगावं लागतं.

म्हणून आईच्या पंच्याहत्तरीला मी हट्टालाच पेटलो. पुण्याची बहीण, बंगळूरचा भाऊ, त्यांची पोरं, सगळे एका दिवसापुरते आले होते. आईचं एकच मागणं होतं. "साऱ्यायचे चेहरे एका फोटोत दिसले पाहिजे. आता पुन्हा कधी जमाल तुमी?" भावाने मोबाइल काढला तर म्हणाली, "ठेव तो. देवरावभाऊले काय वाटंल?"

मी काकांना गॅलरीत गाठलं. "काका, आज ते भोक बारीक करा. सगळे स्पष्ट आले पाहिजेत."

"बारीक केलं का उजेड कमी. मंग शटर जास्त वेळ उघडं राहते."

"राहू द्या की."

काकांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "शटर झटकन पडलं तं हे दिसत नाही. हळू पडलं का फोटोत सारे हलतात. मंग लोक मोबाइलनं काढतात. मले कोण बोलावते गा खाली?"

"कॅमेऱ्याला तिपाई लावू."

"लावली का लोक विचारतात, काहून लावली."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही त्या धुक्यावर हसत होतो. पाठकांच्या दारात स्टूल ठेवून मी त्यावर बसलो आणि म्हणालो, "माझ्या खांद्यावर टेकवा कॅमेरा." भावाने हे काय म्हणून विचारलं, तर मी सांगितलं, काकांची नवी पद्धत आहे. खांद्यावर काकांचा हात जड झाला, त्यांनी श्वास रोखला, मीही रोखला.

फोटोत सगळे स्पष्ट आले. मागच्या रांगेतला भाचा, पुढे आई, तिच्या चष्म्याची काडीसुद्धा. आईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अन् तू कुठं आहेस?"

काकांचा चेहरा उतरला. "पुन्हा एक काढा लागते," ते हळूच म्हणाले. "पण आता उजेड गेला. उद्या येऊ का?"

पाहुण्यांची गाडी त्याच संध्याकाळी होती.

"या काका," मी म्हणालो. "उद्या या."