पुराव्याची ट्यूब

स्टोअरकीपरच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला इसब होतं, आणि ते नेमकं वीस-एकोणीस गुण झाले की खाजायचं. त्यामुळे कचेरीच्या टेबल टेनिस स्पर्धेत गेली अकरा वर्षं तो पहिल्याच फेरीत गारद होत आला होता. समोरचा सर्व्हिस करायचा आणि हा बॅट काखोटीला मारून कोपर खाजवत उभा.

डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं होतं. पण ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत 'स्टेरॉइड' हा शब्द वाचल्यापासून त्याने हात आखडता घेतला होता. चार दिवसांतून एकदा, मोहरीएवढं, तेही घाबरत घाबरत.

"अहो, मलम लावताय की कोपराला नुसतं दाखवताय?" बायकोने विचारलं.

"स्टेरॉइड आहे ते! कातडी पातळ होते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"मग खाज कशी थांबवायची तेही सगळ्यांनाच विचारा. मी डॉक्टरांची वेळ घेतेय."

डॉक्टरीणबाईंनी कोपर पाहिलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "कातडी पातळ होते, पण भलत्या जागी, महिनोन् महिने थापलं तर. मी किती दिवस सांगितलं होतं?"

"दोन आठवडे, रोज."

"आणि लावलंत किती?"

"एकूण धरून... चिमूटभर."

बाईंनी त्याच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली. "एवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. तुमच्या कोपराला याच्या निम्मं. दिवसातून एकदा, फक्त लाल जागेवर. मनाने चेहऱ्याला नाही, काखेत नाही, आणि उसनं तर कुणालाच द्यायचं नाही. दोन आठवड्यांनी मला दाखवा."

मोजमाप म्हटल्यावर स्टोअरकीपर खुलला. रोज अर्धं पेर, ना कमी ना जास्त. दहा दिवसांत कोपर निवळलं आणि अकरा वर्षांत प्रथमच त्याला चेंडू शेवटपर्यंत बघता आला. पहिली फेरी जिंकला, दुसरी जिंकला, उपांत्य फेरीतही समोरच्याला लोळवलं. अंतिम सामना हेडक्लार्कशी होता. तो सात वर्षांचा विजेता, शिवाय क्रीडा समितीचा चिटणीसही तोच.

सामन्याच्या आदल्या दिवशी सराव संपवून स्टोअरकीपरने पिशवी उचलली, ती नेमकी उलटी. ट्यूब घरंगळत हेडक्लार्कच्या बुटाशी जाऊन थांबली. त्याने ती उचलली, चष्मा चढवला आणि वाचली.

"स्टेरॉइड! तरीच म्हटलं, बॅकहँड एकाएकी सुधारला कसा!"

"अहो, खाजेचं औषध आहे ते."

"पकडले गेलेले सगळे असंच काहीतरी सांगतात."

संध्याकाळपर्यंत साहेबांच्या टेबलावर तीन पानी तक्रार पडली. साहेबांना खेळातलं काही कळत नव्हतं, पण चौकशीतलं सगळं कळत होतं. त्यांनी समिती नेमली, सामना पुढे ढकलला, डॉक्टरांचं पत्र मागवलं आणि ट्यूब पाकिटात घालून क्रीडा समितीच्या चिटणीसाच्या, म्हणजे हेडक्लार्कच्याच, ताब्यात ठेवली.

डॉक्टरीणबाई दोन आठवडे परिषदेला गेल्या होत्या. तेवढ्या काळात कचेरीने स्टोअरकीपरचा पिच्छा पुरवला. येता-जाता लोक त्याचा दंड चाचपत. टायपिस्टबाई अडकलेली खिडकी त्याच्याकडूनच उघडून घेत. कपाट हलवायचं म्हटलं की चौघं बाजूला होऊन म्हणत, "तुम्ही एकटेच पुरे!" कोपर आता शांत होतं, मालक मात्र आतून धुमसत होता.

अखेर पत्र आलं. साहेबांनी ते समितीसमोर मोठ्याने वाचलं. "'हे मलम त्वचेचा दाह कमी करते. शरीर कमावण्यासाठी काही जण घेतात ती स्टेरॉइडे वेगळी. या मलमाने बॅकहँड सुधारत असता, तर मी ते आधी स्वतः लावले असते.' ठीक. आता पुरावा उघडा."

हेडक्लार्कने पाकीट पुढे केलं. ते दोनदा चिकटवलेलं दिसत होतं. आतून ट्यूब निघाली, ती बुडापासून टोपणापर्यंत गुंडाळलेली, पापुद्र्यासारखी चपटी.

"जप्त केली तेव्हा तर भरलेली होती!" साहेब म्हणाले.

"गळली असेल," हेडक्लार्क पुटपुटला.

"टोपण लावून?"

हेडक्लार्कचा हात कॉलरमध्ये गेला आणि खसाखसा खाजवू लागला. वरचं बटण तुटलं. खांद्यावरून मानेपर्यंत चढलेलं, लाल कडेचं भलंथोरलं वर्तुळ सगळ्यांनी पाहिलं.

"मला वाटलं, फायनलपर्यंत खांद्यात जरा जोर येईल," तो खाली बघत म्हणाला. "तिथे आधी एक नाण्याएवढा डाग होता. पहिल्या आठवड्यात त्याची खाजही थांबली. म्हटलं, लागू पडतंय. मग जरा जास्तच लावलं. ट्यूब संपली आणि खाज दुपटीने परतली."

पंधरा दिवस स्टोअरकीपरने एक भाषण मनात घोळवून घोळवून तयार केलं होतं. आज ते झाडायची वेळ आली होती. पण समोरचा माणूस दोन्ही हातांनी खाजवत होता, आणि खाज म्हणजे काय ते स्टोअरकीपरइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

"उठा," तो म्हणाला. "बाई दवाखान्यात सहापर्यंत असतात."

डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली खांदा निरखला. "हे गजकर्ण आहे. बुरशी. त्यावर तुम्ही स्टेरॉइड चोपडलंत, खाज दबली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. ते मलम आजपासून बंद. मी बुरशीवरचं औषध लिहून देते." त्या लिहिता लिहिता थांबल्या. "पण ते लावायला कुणी दिलं होतं तुम्हाला? कुठल्या डॉक्टरांनी?"

हेडक्लार्कने एकवार स्टोअरकीपरकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चौकशी समितीनं."