मेट्रनबाईंची निळी बॅग

"ही नको. हिच्यात माझी गरम पाण्याची पिशवी मावणार नाही."

"आई, डोंगरावर गरम पाण्याची पिशवी न्यायचीच नाहीये!"

दुकानात शिरून पाऊण तास झाला होता आणि मेट्रनबाईंनी चार बॅगा नापास केल्या होत्या. एकीचे पट्टे खांद्याला काचत होते. दुसरीला आत कप्पेच नव्हते, तर तिसरीला इतके होते की ठेवलेली वस्तू शोधायला पोलीस बोलवावे लागले असते. चौथीचं काय बिघडलं होतं ते सोबत आलेल्या सुनेलाही कळलं नाही. दुकानदार बिचारा शिडीवर चढून-उतरून घामाघूम झाला होता, पण डोंगराचं सामान मिळणारं आसपास हे एकच दुकान, त्यामुळे दोन्ही बाजूंचा नाइलाज होता.

मेट्रनबाई म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. तेहतीस वर्षं इस्पितळात काढलेली, त्यातली अकरा मेट्रन म्हणून. चादरीला सुरकुती दिसली तर मोठ्या डॉक्टरांनाही बोलणी बसायची. निवृत्तीनंतर सुनेच्या नादाने त्या तिच्या ग्रुपबरोबर डोंगर चढायला निघाल्या आणि पहिल्याच खेपेला नाक कापून घेतलं. पाठीवर होती लेकाची जुनी सत्तर लिटरची सॅक, आणि तिच्यात घडीचं स्टूल, दोन चादरी, अख्ख्या वॉर्डाला पुरेल एवढं ड्रेसिंगचं सामान! अर्ध्या वाटेवर त्या मटकन खाली बसल्या आणि चौघांनी ती सॅक आळीपाळीने वर नेली. ग्रुपचा म्होरक्या कॅप्टन. हा सैन्यातला नव्हे हो, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमची बॅग मला एका बोटाने उचलता येईल तेव्हा या. नाहीतर घरी बसा."

ते फार झोंबलं. लोकांना उचलण्यात जन्म गेला आणि आता आपलं ओझं लोकांनी उचलायचं? येत्या रविवारी पुन्हा डोंगर होता. जायचं तर ताठ मानेने, नाहीतर डोंगराचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी सुनेला सांगून टाकलं होतं.

"ही निळी बघा," दुकानदार म्हणाला. "वीस लिटर. डोंगरालाही चालते आणि रोज भाजी आणायलाही."

"हीच राखाडी आहे का बघा. मळखाऊ बरी."

दुकानदार उसासा टाकून माळ्यावर गेला. बॅगा फुगीर दिसाव्यात म्हणून दुकानात त्यांच्यात कागदाचे बोळे कोंबलेले असतात. मेट्रनबाईंनी निळीतले सगळे बोळे काढले आणि घरून आणलेली कापडी पिशवी काउंटरवर उपडी केली.

"अहो आई, इथे?"

"मग काय घरी जाऊन कळणार, मावत नाही म्हणून? पेशंट न तपासता औषध देतात का?"

आणि त्या भरायला लागल्या. रेनकोट दाबून दाबून साबणाच्या वडीएवढा केला. मोज्यांच्या पोकळीत मलमपट्टी, जड ते पाठीलगत, हलकं बाहेर, मधल्या फटीत सुक्या मेव्याची डबी. वर घराची किल्ली आणि फोन.

"स्टूल?" सुनेने मुद्दाम विचारलं.

"दगडावर बसेन."

"दुसरी चादर?"

"पहिलीसुद्धा नको," मेट्रनबाई म्हणाल्या.

चेन लागली, तरी वर वीतभर जागा उरली. सून थक्क झाली. "आई, मानलं तुम्हाला!"

आता बाजूच्या खिशात बसेल अशी बाटली हवी. बाटल्या दुकानाच्या मागच्या बाजूला. मेट्रनबाईंना समोर टांगलेल्या बॅगांच्या ओळीतला एकच रिकामा हूक मघापासून खुपत होता. त्यांनी बॅग हुकाला टांगली, पट्टे सरळ केले, शेजारच्या दोन बॅगांचेही केले आणि त्या सुनेला घेऊन मागे गेल्या.

बाटली पसंत करून येतात तो हूक रिकामा!

"माझी बॅग?"

"कुठली, निळी?" राखाडी बॅग झटकत दुकानदार म्हणाला. "ती आत्ताच विकली. एक गृहस्थ घाईत होते. पाठीला लावली, म्हणाले झकास आहे, आणि तशीच घालून गेले."

"अहो, तिच्यात माझं सगळं सामान होतं!"

"काहीतरीच काय! मी स्वतः काढून दिली. रिकामीच वाटली हो!"

सुनेने कपाळावर हात मारला. मेट्रनबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"काय म्हणालात? परत सांगा."

"रिकामी... वाटली."

"अगं, ऐकलंस?"

"आई, घराची किल्ली गेलीय!"

"किल्ली गेली ते कळलं मला. पण हे ऐकलंस ना?"

सुनेने त्यांच्या फोनवर रिंग दिली आणि तिघंही रस्त्यावर धावली. बसथांब्याशी पोचतात तो खणखणीत रिंग ऐकू आली. रांगेतल्या एका बाईने पर्स चाचपली, एका आजोबांनी खिसे. आणि त्यांच्यापुढे पाठमोरा उभा असलेला एक माणूस ओरडत होता, "कुणाचा फोन आहे? उचला की! काही पोच आहे की नाही?" वैतागून तो चार पावलं लांब गेला. रिंगही त्याच्या मागोमाग गेली. त्याच्या पाठीवर निळी बॅग होती.

तो वळला. कॅप्टन!

"अरे, तुम्ही? रविवारसाठी नवी बॅग घेतली. पाठीवर आहे हे कळतसुद्धा नाही."

"कसं कळेल?" मेट्रनबाई म्हणाल्या. "मी भरलीये."

कॅप्टनने चेन उघडली. आत एकेक वस्तू शिस्तीत बसलेली आणि वर वाजणारा फोन. त्याने चेन लावली, बॅग एका बोटावर धरून पाहिली. मेट्रनबाईंनी त्याच्या बोटावरून ती काढून घेतली. दुकानदाराने संधी साधून आपल्या हातातच राहिलेली राखाडी बॅग त्याच्या हातात दिली.

"रविवारी सहाला," कॅप्टन घसा खाकरून म्हणाला. "उशीर नको."

"येणारच. आणि हे काय?" बाकाला टेकवलेली एक जुनी सॅक मेट्रनबाईंनी उचलायला घेतली. ती जागची हललीसुद्धा नाही.

"ती माझी नेहमीची. हिच्यातलं नवीत घालायचंय." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "खांदा धरलाय हो. कुणाला सांगू नका."

"बसा," मेट्रनबाई म्हणाल्या. कॅप्टन बसला. त्यांनी सॅक उघडली. "हे नकाशे किती?"

"चौदा."

"आणि डोंगर?"

"एक."

"मग तेरा घरी."

दोन बसेस आल्या आणि गेल्या. कॅप्टनच्या मांडीवर घरी परत जाणाऱ्या सामानाचा ढीग वाढत होता आणि तो निमूटपणे सगळं धरून बसला होता. शेवटी राखाडी बॅगेची चेन लागली. त्याने ती पाठीला लावली, खांदा हळूच फिरवून पाहिला आणि पहिल्यांदाच मोकळा हसला.

"मेट्रनबाई," तो म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी थोडा वेळ काढाल का? ग्रुपमधल्या सगळ्यांच्याच बॅगा एकदा बघायला हव्यात."

मेट्रनबाईंनी निळी बॅग खांद्यावर टाकली आणि मान ताठ केली.

"सगळ्यांना बॅगा उघडून ओळीत उभं राहायला सांगा," त्या म्हणाल्या. "मी राउंडला येते."