ग्रहणातली भेंडी

ग्रहण लागलं की आमच्या कामरगावात दारं लागतात. पाण्यावर तुळशीचं पान पडतं. गरोदर बायांना कोपऱ्यात बसवून सांगतात, हलू नको, कापू नको, शिवू नको. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या गिरणीसमोरच्या ओट्यावर सुखदेवभाऊ विळी घेऊन बसतो आणि पावभर भेंडी चिरतो. तीही गुपचूप नाही. एकेक भेंडी वर धरून गल्लीला दाखवतो, "हे पाहा" म्हणतो आणि मग चिरतो. सगळी चिरून झाली की बकरीला घालतो. स्वतः तो भेंडी तोंडात घालत नाही.

माणूस वयानं माझ्याहून मोठा आहे. तोंडावर मी अहो म्हणते, पण चिडले की पाठीमागं मला अहो-जाहो सुचत नाही, आणि त्याच्याविषयी सांगायला बसले की मी चिडलेलीच असते.

त्याचं बिछायत केंद्र आहे. मंडप, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाचे मोठाले गंज आणि माइक. कारंजा तालुक्यात कुठंही लग्न असो, मंडप बहुतेक सुखदेवभाऊचा. लोक माइक तपासताना हॅलो हॅलो करतात. हा म्हणतो, "हॅलो, पीसीवायटी टू, पीसीवायटी टू, अर्धा माहा." मागं एका लग्नात नवरदेवाकडचा एक माणूस जेवता जेवता उठून बाहेर गेला. त्याला वाटलं, कोणाच्या तरी गाडीचा नंबर पुकारून राह्यले आणि ती गाडी आपलीच आडवी लागली असेल.

आता पीसीवायटी टू म्हणजे काय, ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, इतक्यांदा ऐकलं आहे. तो माणसाच्या अंगातला एक जीन आहे. सुखदेवभाऊच्या भाषेत सांगायचं तर आपलं अंग म्हणजे बारीक बारीक खोल्या. एकेका खोलीला भोवताली मंडपाच्या कापडी भिंतीसारखी कनात, आणि ती कनात चरबीची. ती चरबी तयार करायला अंगातच एक कारागीर लागतो, आणि तो कारागीर कसा घडवायचा ते या जीनमध्ये लिहिलेलं. त्याच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक खराब निघाली तर दुसरीवर काम भागतं. दोन्ही खराब निघाल्या तर कनात कच्ची राहते, पायाकडं जाणाऱ्या नसा कमजोर होतात.

हे सगळं त्यानं माझ्या पोराच्या लग्नात माइकवरून सांगितलं. पहिली पंगत बसली होती. पानात वरणभात पडला होता, वर तूप सुटलं होतं, आणि हा चरबीच्या कनाती समजावत होता. शेवटी म्हणे, मामाची पोरगी करायची असेल तर आधी डॉक्टरला विचारा. व्याही माझ्याकडं पाहायला लागले. अहो, माझी सून बुलढाण्याकडची! सात पिढ्यांत आमचा त्यांचा संबंध नाही. मी हातातली बादली ठेवली आणि सरळ माइकजवळ जाऊन वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी तो गाद्या न्यायला आला तेव्हा मी त्याला चांगला फैलावर घेतला. पोराच्या लग्नात हे धंदे काहून म्हणून विचारलं. त्यानं गादी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, "तुमच्यासाठी नाई बोललो वैनी. मायसाठी बोललो. थे पयल्या पंगतीत बसेल होती."

इथं त्याच्या मायविषयी सांगायला पाहिजे, आणि सांगताना माझं डोकं तापणार आहे.

सुखदेवभाऊनं मामाचीच पोरगी केली होती. आमच्याकडं मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा, तसंच झालं. कमल तिचं नाव. म्हणजे कमलची सासू ही तिची सख्खी आत्या. लोक म्हणाले, पोरगी घरच्या घरात राहिली, सुखात राहील. मग शालू झाली. शालू चालायला उशिरा लागली, लागली ती चवड्यांवर. पुढं पाय ताठत गेले, आता काठीशिवाय चालवत नाही, नजरही अधू झाली. अकोला झालं, अमरावती झालं, देव झाले, अंगारे झाले. कोणाला काही सापडलं नाही. म्हाताऱ्या आत्याला मात्र घरबसल्या सापडलं. शालू पोटात असताना कमलनं ग्रहणात भेंडी चिरली होती.

झालं. त्या दिवसापासून त्या घरात दुसरं कारण उरलं नाही. पाहुणा आला, सांग भेंडीचं. हळदीकुंकू असलं, सांग भेंडीचं. माझ्या गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायाही तेच, बिचारी चांगली आहे हो, पण चिरायची नव्हती. मी एकदा चक्की बंद करून विचारलं, तुमच्यापैकी पोटुशी असताना कोणकोण ग्रहणात काही न चिरता बसलं होतं ते सांगा. सगळ्या पिठाकडं पाहायला लागल्या. अशा वेळी बरं पीठ दिसतं!

कमल कधी उलटून बोलली नाही. शालू चांगली मोठी होईपर्यंत तिला कडेवर घेऊन शाळेत पोचवायची. एकदा माझ्याजवळ म्हणाली, "ताई, चिरली तं होती म्या." तिला ते पटलं होतं, याचा मला आजही संताप येतो. कावीळ झाली आणि ती गेली. जाताना आपल्याच हातानं लेकीचे पाय बांधले असं समजून गेली.

ती गेल्यावर सुखदेवभाऊनं शालूला नागपूरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि निकाल आल्यावर बापलेकीला समोर बसवून नीट सांगितलं. एक खराब प्रत बापाकडून, एक आईकडून. आईबाप एकाच घरातले, तेव्हा दोन्ही प्रती बहुतेक एकाच जागेवरून आल्या. ती जागा कोणती? म्हातारीचं माहेर! तिनं आपल्या पोराला दिली, तिच्या भावानं आपल्या पोरीला दिली. म्हणजे जी बाई जन्मभर सुनेच्या विळीकडं बोट दाखवत होती, तिच्या स्वतःच्या अंगात तीच खराब प्रत बसली होती. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, आता हे माइकवरून सांगा, भोंगे दोन नाही चार लावा, भाडं मी देते.

पण हा बाबा सगळीकडं एवढंच म्हणतो, अर्धा माहा, म्हणजे शालूतला अर्धा दोष त्याच्याकडून. तो अर्धा मायकडून आला असं एकदाही नाही. मी खोदून विचारलं तर म्हणाला, म्हातारी थकली आहे, आता तिच्या डोक्यावर ठेवून काय करू? एकीच्या डोक्यावर ठेवलं तेवढं पुरे झालं. त्याला एकच पाहिजे होतं. मायनं मरायच्या आधी एकदा आपल्या तोंडानं म्हणावं, भेंडीनं काही झालं नव्हतं.

आणि म्हातारी काही म्हणत नव्हती. जीन समजावला की म्हणायची, "आमच्या काळात नव्हते बाप्पा असे." मग हा ग्रहणाची वाट पाहायचा.

परवाच्या ग्रहणाला चंद्र दिवेलागणीला ग्रासलेलाच उगवला. माझी सून गरोदर. मी तिला कोपऱ्यात बसवली होती. मी मानते असं समजू नका. पण उद्या काही कमीजास्त झालं तर बोल डॉक्टरला लागणार नाही, चंद्राला लागणार नाही, त्या पोरीलाच लागेल, म्हणून बसवली. आणि समोर याचं सुरू. हे पाहा, कच. हे पाहा, कच. सून खिडकीतून पाहून हसायला लागली आणि म्हणाली, आई, मी पण जाऊ का चिरायला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार उघडून मी तरातरा ओट्यावर गेले.

म्हटलं, सुखदेवभाऊ, हा तमाशा पुरे झाला. कमल गेली. तिला काही दिसत नाही, आणि तुमच्या मायला काही पटत नाही. बंद करा.

त्यानं विळी थांबवली. नेहमीसारखा हुज्जत घालेल म्हणून मी पदर खोचून उभी होते. पण तो खालीच पाहत होता.

"कमलनं हौसेनं नव्हती चिरली वैनी. मी वावरातून आलो होतो, भूक लागेल होती. थे म्हणे गरान लागेल हाय, जरा थांबा. म्या म्हटलं, मले गरान नको सांगू, भाजी कर. मंग मायनं इचारलं, कोनं सांगतलं चिराले? मी गप बसलो. अन् थे बी गप बसली. मरेपर्यंत माहं नाव घेतलं नाई तिनं."

इतकी वर्षं मी त्या घरासमोर राहते, कमल रोज माझ्याशी बोलायची, पण हे मलाही कधी बोलली नव्हती.

दाराची कडी वाजली. म्हातारी आत उंबऱ्याशीच ऐकत बसलेली असावी. भिंत धरत बाहेर आली, ग्रहणात कधी घराबाहेर पाय न टाकलेली बाई. तिच्यामागं काठी टेकत शालू. म्हातारी पोराकडं पाहत राहिली. मला वाटलं, आता पुन्हा कमलचा उद्धार होतो, आणि झाला असता तर मी त्या दिवशी वय पाहणार नव्हते.

"सरक," म्हातारी म्हणाली.

तो सरकला. ती कण्हत खाली बसली, विळी पायाखाली धरली आणि परडीतली एक भेंडी घेऊन चिरली. मग दुसरी. तुकडे लहानमोठे होत होते. वर ग्रासलेला चंद्र, आणि गल्लीतल्या खिडक्यांच्या फटींतून सगळं गाव पाहत होतं.

"भेंडी चिरल्यानं काय होते?" ती कोणाकडं न पाहता म्हणाली. "भाजी होते. दुसरं काय होते." मग मान वळवून नातीला म्हणाली, "शालू, तेल तापव."

चिरलेली भेंडी सुखदेवभाऊनं दोन्ही हातांनी गोळा केली, एक तुकडा खाली पडला होता तोही उचलून पुसून ताटात ठेवला, आणि ताट घेऊन शालूच्या मागं चुलीकडं गेला. खुंट्याला बकरी ओरडत होती. त्या ग्रहणाला तिला काही मिळालं नाही.