हा खेळ सध्या वापरात आहे

कर्नल पाटणकरांइतका सावकाश 'मला मान्य आहे' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

फोनवर किंवा कॉम्प्युटरवर काहीही नवीन उघडलं की आधी एक लांबलचक करारनामा येतो आणि त्याच्या तळाशी एक छोटा चौकोन असतो. तुम्ही-आम्ही न वाचताच त्या चौकोनात टिचकी मारून मोकळे होतो. कर्नल मोकळे होत नाहीत. ते चष्मा पुसतात, वही उघडतात, पेन्सिलीला टोक काढतात आणि पहिल्या शब्दापासून वाचायला बसतात. एकदा आम्ही एका मॉलमध्ये गेलो होतो. तिथल्या फुकट वायफायचा करार वाचून होईपर्यंत त्यांच्या बायकोची, सुलभाकाकूंची, सगळी खरेदी आटोपली, आम्ही कॉफी प्यायलो आणि परत आलो, तरी कर्नल बाकावर बसलेलेच. "सातवं कलम संदिग्ध आहे," ते म्हणाले आणि वायफाय न घेताच उठले.

कर्नल मूळचे कराडचे. सगळी नोकरी फौजेच्या कायदा विभागात झाली, शेवटची नेमणूक इकडे चंडीमंदिरच्या छावणीत होती, आणि निवृत्तीनंतर ते चंदीगडातच राहिले. सेक्टर अडतीसमध्ये त्यांचं दुमजली घर आहे. मी इथल्या वैद्यकीय संस्थेत संशोधनाचं काम करते, आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आले. आमचा भाडेकरार त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये एकदा पोहे झाले, एकदा चहा. शेवटी मी सही करायला पेन उचललं तर म्हणाले, "शंका विचार. एकही शंका नाही म्हणजे तू ऐकलं नाहीस."

मी घाईघाईने एक शंका तयार केली. ते खूश झाले.

अशा माणसाला कॉम्प्युटरवर खेळ खेळायचा नाद असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण बैठकीतल्या काचेच्या कपाटात, जिथे इतर फौजी घरांत ढाली आणि मानचिन्हं असतात, तिथे कर्नलांच्या घरी खेळांच्या डब्या होत्या. पठाणकोट, अंबाला, जबलपूर, जिथे बदली झाली तिथल्या बाजारातून घेतलेल्या. प्रत्येक डबीत एक तबकडी आणि तिच्या पाठीवर कर्नलांच्या अक्षरात गाव आणि दुकानदाराचं नाव. मारामारीचा खेळ मात्र एकही नाही. "सगळा जन्म फौजेत काढला," ते म्हणायचे, "आता घरी बसून गोळ्या कशाला झाडू?" त्यांना गावं वसवायचे, धरणं बांधायचे, रेल्वे टाकायचे खेळ आवडत. त्यांच्या खेळातल्या गावात चोरी होत नसे आणि पाणी वेळेवर येई.

मग त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा लॅपटॉप आणला, तो त्यांनी चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि मला खाली हाक मारली.

"मेघना, तबकडी कुठून घालायची?"

"काका, आता तशी जागाच नसते. खेळ ऑनलाइन दुकानातून उतरवून घ्यायचे."

"आणि माझे सगळे?"

मी काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

ऑनलाइन दुकानाचा करार वाचायला त्यांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ते जिना चढून वर आले, हातात वही. "तुला कल्पना आहे का, हे लोक काहीही विकत नाहीत? आपण पैसे देतो, आणि ते फक्त वापरायची परवानगी देतात! त्यांना वाटलं तर काढूनही घेतील. म्हणजे तू माझी भाडेकरू आणि मी त्यांचा भाडेकरू. फरक एवढाच, की मी तुला एक महिन्याची नोटीस देणं लागतो."

त्यांनी दुकानाला इंग्रजीत तीन पानी पत्र पाठवलं. दुकानाकडून लगेच उत्तर आलं, की तुमचं समाधान झालं का ते एक ते पाच ताऱ्यांत सांगा.

तरीही कर्नल त्या दुकानाचे झालेच. सोय फार मोठी लबाड असते. खेळ निवडला की आंघोळ होईपर्यंत उतरलेला. तबकडीला चरे पडायची भीती नाही, बदलीत डबी हरवायचा प्रश्न नाही. जुना, कुठेच न मिळणारा धरणाचा खेळ तिथे सापडला त्या दिवशी तर त्यांनी काकूंना शिरा करायला लावला. पुढे एकदा वादळात आमच्या गल्लीचं इंटरनेट दोन दिवस गेलं, आणि एकट्याने खेळायचा तो खेळ 'आधी दुकानाशी संपर्क साधा' म्हणून अडून बसला. कर्नल येरझाऱ्या घालत म्हणाले, "घर माझं, यंत्र माझं, वीज माझी. आणि दाराची किल्ली त्या दुकानदाराच्या खिशात!" इंटरनेट आल्यावर मात्र पहिल्यांदा दुकानच उघडलं.

आता मला ज्या गोष्टीचं कुतूहल होतं ती सांगते.

कर्नलांचा सगळ्यात लाडका खेळ डोंगरात रेल्वे टाकायचा. तो त्यांनी घेतलेला नव्हता. त्यांच्या मुलाने, सौरभने घेतला होता. सौरभ कॅनडात असतो. (चंदीगडात हे वेगळं सांगायला लागत नाही. ज्या घरातलं कुणी कॅनडात नाही ते घर इथे शोधावं लागतं.) ऑनलाइन दुकानात एका कुटुंबातल्या माणसांना एकमेकांचे खेळ वापरता येतात. अट एकच. प्रत एक असेल तर एका वेळी एकानेच खेळायचं. दुसऱ्याने उघडलं की पाटी येते: 'हा खेळ सध्या वापरात आहे.'

कर्नल रोज सकाळी सव्वासातला रेल्वे उघडायचे. तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. मी कामावर निघताना खाली काकूंकडे चहा घेते, त्यामुळे हा सोहळा रोज माझ्यासमोर व्हायचा. बहुतेक वेळा ती पाटी यायची. कर्नल ती नीट वाचायचे, लॅपटॉप मिटायचे आणि शीळ घालत फिरायला जायचे. एखाद्या दिवशी पाटी यायची नाही, खेळ सुरळीत उघडायचा. त्या दिवशी ते कपाळाला आठ्या घालून तासभर रेल्वे टाकत बसायचे आणि काकूंवर चहाच्या साखरेवरून चिडायचे.

खेळायला मिळालं की वैताग, नाही मिळालं की आनंद. मला काही उमजेना.

"यांचं सगळं उलटंच," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या वरातीत रडत होते, माहितीये?"

शेवटी मी आपल्या परीने तोड काढली. कर्नलांच्या वाढदिवसाला मी तोच रेल्वेचा खेळ त्यांच्या नावावर भेट पाठवला. त्यांची स्वतःची प्रत. आता बापलेकांनी हवं तेव्हा खेळावं. मोठ्या उत्साहाने मी खाली सांगायला गेले.

कर्नलांचा चेहरा उतरला. "स्वीकारलेला नाहीये ना मी अजून? मग परत कर."

"अहो, पण काका..."

"परत कर. चौदा दिवसांची मुदत असते."

मला वाईट वाटलं. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं, पुढ्यात लाडू ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं. सौरभने दीड वर्षापूर्वी तिकडचं नागरिकत्व घेतलं. त्यासाठी तिकडची शपथ घ्यावी लागते आणि इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. हे कळल्यावर कर्नलांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "सही करण्याआधी वाचलं होतंस?" सौरभ म्हणाला, "अक्षर न् अक्षर वाचलं, बाबा. तुम्हीच शिकवलंत." त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोललेले नव्हते. दर रविवारी काकू फोन करायच्या आणि कर्नल त्या वेळी बागेत गुलाबांना पाणी घालायचे. रविवारी फार पाणी होऊन दोन गुलाब मेले होते.

"आणि सौरभ बरा आहे असं मी सांगितलं ना," काकू म्हणाल्या, "तर म्हणतात, 'हा ऐकीव पुरावा झाला. आईला सगळी मुलं बरं आहे असंच सांगतात.'"

तेव्हा कुठे त्या पाटीचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला. खेळ वापरात आहे म्हणजे पोरगा कामावरून सुखरूप घरी आलाय, जेवूनखाऊन निवांत खेळत बसलाय. दुकानाने स्वतः दिलेला, लेखी पुरावा. मी मुकाट्याने भेट परत घेतली.

त्या फेब्रुवारीत काकू भाचीच्या लग्नाला तीन आठवडे कराडला गेल्या. मी चहा स्वतःच करून घेऊ लागले, त्यामुळे खाली जाणं कमी झालं. एका सकाळी दार वाजलं. कर्नल उभे होते. दाढी केलेली नव्हती. दाढी न केलेले कर्नल मी प्रथमच पाहत होते.

"एक तांत्रिक शंका होती," ते म्हणाले. "ती पाटी चुकू शकते का?"

"कुठली पाटी?"

"आज अकरावा दिवस. रोज उघडतो, रोज खेळ चालू होतो. पाटीच येत नाही."

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"काकूंना विचारलंत का?"

"ती म्हणते बराय."

"मग झालं की."

"तिला तो काय सांगेल?" ते खिडकीकडे वळले. "तिकडे उणे तीस आहे. रस्त्यावर बर्फ. एकटा गाडी चालवतो."

"काका, फोन करा."

"मी?"

"हो, तुम्हीच. आत्ता."

"दीड वर्षानंतर फोन करून म्हणू काय? खेळ का उघडत नाहीस?"

"हेच विचारा."

त्यांनी फोन काढला. सौरभचं नाव शोधावं लागलं नाही, नंबर पाठ होता. कर्नलांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. मी आत जायला निघाले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"हॅलो? बाबा? काय झालं? आई ठीक आहे ना?"

"आई लग्नात आहे. मजेत आहे." कर्नल खाकरले. "तू रेल्वे का खेळत नाहीस?"



"खेळायला बसतो, बाबा. पण माझं ऑफिस बदललंय, घरी यायला उशीर होतो. उघडतो तर पाटी येते, वापरात आहे म्हणून. तुम्ही आधीच बसलेले असता."

"पण तू मालक आहेस. मालकाला अग्रहक्क असतो. 'तरीही उघडा' असं बटण येतं तुला. एकोणिसावं कलम."

"येतं ना. पण ते दाबलं की तुम्ही मध्येच बाहेर फेकले जाल. तुमचा पूल अर्धवट राहील."

"मग तू काय करतोस?"

"काय करणार? बंद करतो," सौरभ म्हणाला. "म्हणतो, चला, बाबा उठलेत. बरे आहेत."

कर्नल खाली बसले. फोन टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि तो पुसायला रुमाल शोधू लागले. रुमाल हातातच होता.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं.

"आत्ता बसतोय."

"मग जेव आधी. थांब, ठेवू नकोस. जेवता जेवता बोल. दरीवरचा पूल तू कसा बांधलास? माझा दर पावसाळ्यात वाहून जातो."

मी माझ्याच घरातून हळूच बाहेर पडले आणि त्या दिवशी चहा न घेता कामावर गेले. संध्याकाळी आले तर कर्नल फाटकाशी वाट पाहत होते, दाढी करून.

"सौरभ म्हणत होता, मी अजून एक प्रत घेतो. मी म्हटलं, काही गरज नाही. आम्ही वार वाटून घेतलेत. तीन त्याचे, तीन माझे."

"आणि रविवार?"

"रविवारी कुणीच खेळायचं नाही," ते म्हणाले. "रविवारी तो मला फोन करणार आहे."

त्याच आठवड्यात काकू कराडहून परतल्या. रविवारी सकाळी मी खाली चहाला गेले तेव्हा सात वाजले होते. फोन साडेसातला यायचा होता. कर्नल बैठकीत ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, रेजिमेंटचा टाय, निळा ब्लेझर, बूट चकचकीत.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अहो, साधा फोन आहे. त्यात दिसत नाही माणूस."

"माहीत आहे मला," कर्नल म्हणाले, आणि त्यांनी टायची गाठ जरा सारखी केली.