थावराकाकांची अर्थिंग

थावराकाका राठोड कुणाच्या बारशाला गेले तरी बाळाच्या आधी मीटरबोर्ड बघतात. आमच्या वास्तुशांतीला हा माणूस होम सोडून परसात अर्थिंगचा खड्डा हुडकत होता. बस डेपोत तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेलं. जगातली सगळी दुखणी त्यांच्या लेखी एकाच जागी असतात. माझं आणि बायकोचं वाजलं तरी म्हणणार, "मास्तर, अर्थिंग पकडून न्हाई राहिली तुमची."

निवृत्त झाल्यावर काकांनी लिलावात एक जुनी मिनीबस घेतली आणि औंढ्यात आमच्या शेजारच्या मोकळ्या जागेत तिचं घर केलं. पलंग, शेगडी, पंखा, दोन दिवे आणि पलंगाखाली घरापुरती वेगळी बॅटरी. हौस चांदीकाकूंची. त्यांना काशी नको होती की रामेश्वर नको होतं. किनवटकडच्या तांड्यावर बहिणीच्या दारात गाडी लावायची आणि आपल्या घरात बसवून बहिणीला चहा पाजायचा, एवढंच. दसरा झाला की निघायचं ठरलं होतं. दसऱ्यानंतर आठवडाभरात काकू तापानं गेल्या.

तेव्हापासून काका रोज गाडी दुरुस्त करत होते. इंजिन ठणठणीत होतं. बिघाड घरात होता. दिवा एकटा मिणमिणायचा, पंखा लावला की दोघंही मरायचे. काकूंच्या बहिणीचा निरोप यायचा, "भावजी, कधी येता?" काकांचं उत्तर ठरलेलं, "अर्थिंग सापडली की निघालोच."

मी मराठीचा मास्तर. माझ्याकडे टॉर्च धरायचं काम होतं. काका बॅटरीला मीटर लावून म्हणायचे, "बराबर हाय." मग पंखा लावून दिव्याला मीटर लावायचे, "पळाली!" बॅटरीत आहे, दिव्यात नाही, मग मधल्या चार हातांत वीज जाते तरी कुठे? मला काही म्हणता काही कळेना. फ्यूज बदलले, वायरी बदलल्या, पत्रा जागोजागी खरवडून झाला. घरच्या अर्थिंगला पाणी घालतात म्हणून मी एकदा मागच्या चाकाशी बादलीभर पाणी ओतलं. काका माझ्याकडे बघतच राहिले. "मास्तर, टायर रबराचा हाय." मुकाट्यानं बादली घेऊन घरी आलो.

वर्ष होत आलं. एका दुपारी पलंगाखाली गेलेला पेचकस काढायला मी वाकलो आणि टॉर्चचा उजेड नेमका बॅटरीवर पडला. बॅटरीची खुंटी आणि तिच्यावर कसलेला तारेचा क्लॅम्प, यांच्या मधे वाळलेलं हळदीकुंकू! गेल्या खंडेनवमीला काकूंनी हत्यारांबरोबर बॅटरीही पुजली होती. माझ्यासारख्यालाही कळलं.

"काका, वीज इथं अडलीय! घासून काढा की!"

त्यांनी माझा हात धरला. "म्हायती हाय मला. पयल्याच दिवशी दिसलं."

"मग वर्षभर मला काहून राबवलंत?" मी त्यांच्याच भाषेत भडकलो.

"लेप वला होता तवाच मी घाईनं क्लॅम्प कसला. तिची बोटं हायत त्याच्यात, मास्तर."

माझा राग जागीच विरला. सुचलं ते बोललो, "मग ही अशीच राहू द्या. शेजारी नवी बॅटरी बसवा."

तीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसानं पलंगाखालची जागा वितीनं मोजली. दोनदा मोजली. "बसंल," म्हणाले.

खंडेनवमीला त्यांनी माझ्या बायकोला बोलावलं. "सूनबाई, नवीला हळदीकुंकू लावा. पर झाकणावर लावा, तारंपाशी नगं." दिवे लागले, पंखा फिरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काका भरदुपारी दोन्ही दिवे लावून किनवटकडे निघाले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "मास्तर, बहिणीला चहा पाजला. आपल्या घरात बसवून."

"आणि दिवे?"

"बराबर. पंखाबी. पर साखर कुठं ठिवली तिनं, गावलीच न्हाई. सगळे डबे पाह्यले. बहीण बिचारी तसाच प्याली."