भाऊजींच्या सहा तारा

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. घरातली कुठलीही वस्तू कुरकुरत असो, घुरघुरत असो, कण्हत असो, मला फक्त अर्धा तास द्या. बावीस वर्षं दुरुस्तीचं काम करतोय. फ्रीज, नळ, पंखे, कुलपं, बिजागऱ्या, एकही वस्तू माझ्या हातून आवाज करत परत गेलेली नाही. गिऱ्हाईकं म्हणतात, "तुमचा हात लागला की घर कसं गप्प होतं." या वाक्याचा मला भयंकर अभिमान होता. होता म्हणतोय, कारण ही गोष्ट परवाच्या शनिवारची आहे. आता सगळं नीट पार पडलंय, भाऊजी सुखरूप आहेत आणि ताई माझ्याशी बोलते आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रॉक गिटार वाजवतात. गाणी स्वतः लिहितात, स्वतःच गातात. एके काळी माणसाचं नाव फार मोठं होतं. एकोणिसाव्या वर्षी चौघांचा बँड काढला आणि ऐन भरात असताना सोडून दिला. का, तर म्हणाले, "ड्रमवाला दर गाण्याआधी चारपर्यंतच मोजतो. मला पुढे काय आहे ते बघायचंय." मग एकटे वाजवायला लागले. पहिलं गाजलेलं गाणं एका खुर्चीवर होतं. खुर्चीवर बसून म्हटलेलं नव्हे, खुर्चीविषयी. पोरी ते प्रेमगीत समजून रडायच्या. मंचावर ते कायम पिवळा रेनकोट घालून उभे राहत. एकदा अख्खा कार्यक्रम प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवला. संयोजकांनी जाब विचारला तर म्हणाले, "मी बरोबर उभा होतो. खुर्च्या चुकीच्या बाजूला मांडल्या होत्या."

हे सगळं लोकांनी चालवून घेतलं. बिनसलं ते रेडिओवर. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला गाणी कशी सुचतात?" आता या प्रश्नाला कोणीही काहीतरी ठोकून देतं. भाऊजी खरोखर विचार करायला लागले. बावीस मिनिटं. थेट प्रक्षेपण होतं. लोकांनी रेडिओ बिघडला म्हणून आपटले, तिघाचौघांनी तर दुरुस्तीला माझ्याकडे आणले. त्यानंतर सात वर्षं भाऊजींना कुठूनही बोलावणं आलं नाही.

आणि मग गेल्या महिन्यात आलं. एका जुन्या सभागृहाला नवा मालक मिळाला होता. तो म्हणाला, शनिवारी संध्याकाळी पाचला या, दोन तास वाजवा, लोकांना आवडलं तर पुढचं बोलू.

आवडलं नाही तर काय, हेही घरात ठरलं होतं. भाऊजींनी गिटार ठेवून द्यायची आणि ताईच्या पडद्यांच्या दुकानात बसायचं. तुम्हाला वाटेल, ही भाऊजींना धमकी होती. छे. त्यांची काहीच हरकत नव्हती. भीती ताईला होती. तिने त्यांना दोन दिवस दुकानात बसवून पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी एका बाईंना ते म्हणाले, "हा निळा नेऊ नका. त्याला तुमची खिडकी आवडलेली नाही." बाई निळाच काय, कुठलाच पडदा न घेता गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे पडदे उतरवून स्वभावाप्रमाणे लावले. तापट एकीकडे, मवाळ दुसरीकडे.

"हा कार्यक्रम पडला ना," ताई मला म्हणाली, "तर माझं दुकान बसलंच म्हणून समज."

म्हटलं, आपल्याला वाजवता येत नाही, पण हातभार तर लावता येतो. भाऊजी रोज सकाळी तालमीला सभागृहात जात. मी पान्यांची पिशवी घेऊन ताईकडे गेलो. अठरा वर्षांत त्या घरात मला कोणी हात लावू दिला नव्हता. फ्रीज घुमायचा, गरम पाण्याचा नळ सोडला की भिंतीतला पाईप रेड्यासारखा कण्हायचा, कपाटाचं दार किंचाळायचं, स्वयंपाकघरातला धुराचा पंखा घरघरायचा, आणि दारावरची बेल तर अशी कर्कश की पाहुणा स्वतःच दचकायचा. ताई दिवसभर या सगळ्यांच्या वरच्या पट्टीत बोलायची.

चार दिवसांत मी सगळं गप्प केलं. फ्रीजखालचे रबर बदलले, पाईपला पट्टी मारली, कपाटाला तेल घातलं, पंख्याची पाती सरळ केली, बेल काढून चिमणीच्या आवाजाची नवीन लावली. गुरुवारी दुपारी ताई सोफ्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "अरे, मला घड्याळ ऐकू येतंय." तिचे डोळे भरून आले. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी जिन्यात माझा हात हातात घेतला. भाऊजींनी मात्र जेवताना एवढंच विचारलं, "घरात कोणी आजारी आहे का?"

शनिवारी अकराला मी पोचलो. तीनला गाडी सांगितलेली होती. भाऊजी स्वयंपाकघरात फरशीवर बसलेले, मांडीवर गिटार, समोर फ्रीज.

"बोल," ते फ्रीजला म्हणाले.

फ्रीज गप्प.

"मेहुणे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हा का बोलत नाही?"

मी खुशीत येऊन सांगितलं, "मी दुरुस्त केला. आता कधीच बोलणार नाही."

भाऊजी उठले. नळ सोडला. पाणी मुकाट आलं. कपाट उघडलं. ते मुकाट उघडलं. पंखा लावला, बेल दाबली. बाहेर चिमणी चिवचिवली. भाऊजी परत येऊन फरशीवर बसले आणि पांढरेफटक पडले.

मग उलगडा झाला. हे गृहस्थ कार्यक्रमाच्या दिवशी सहाच्या सहा तारा नव्या चढवतात. "जुन्या तारांना जुनं पाठ झालेलं असतं" म्हणे. आणि नव्या तारा सुरात लावतात त्या घरावरून! सगळ्यात जाड तार फ्रीजवर. दुसरी पाइपावर, तिसरी कपाटावर, चौथी पंख्यावर, पाचवी बेलवर. अठरा वर्षांतलं प्रत्येक गाणं याच सुरांवर बांधलेलं. सूर जरा हलला की बोटं भलतीकडे पडणार.

"अहो, गिटार लावायचं यंत्र मिळतं ना बाजारात," मी म्हणालो.

"ते शहाण्यांचे सूर दाखवतं. माझे त्यात नाहीत."

ताईने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली, "पडदे माझे गेले रे."

पण हातपाय गाळून चालणार नव्हतं. बावीस वर्षं बिघडलेलं सुधारलं, आता सुधारलेलं बिघडवायचं, त्यात काय एवढं? मी पिशवी उपडी केली. नशिबाने मी जुना सुटा भाग कधी टाकत नाही.

बिघडवणं किती अवघड असतं याची तुम्हाला कल्पना नाही. फ्रीजला जुने रबर लावले, तो घुमायला लागला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "चढा आहे. याच्या पोटात काहीतरी कमी आहे." ताईने पाण्याचं पातेलं ठेवलं. "अजून." दुधाची भांडी ठेवली. "अजून जरा." शेवटी अर्ध्या कलिंगडावर फ्रीज सुरात आला. भाऊजींनी जाड तार लावली. एक झाली.

पाइपाची पट्टी काढली, तर तो कण्हला खरा, पण मधेच उचकी लागायला लागली. तो ठीक करायला पाऊण तास गेला. म्हणजे बिघडवायला. पंख्याची पाती पकडीने पुन्हा वाकवली. "मधली थोडी जास्त तिरपी होती," भाऊजी म्हणाले. ती होती, मला चांगली आठवत होती, कारण सरळ करताना माझं बोट तिनेच कापलं होतं.

कपाटाने मात्र घाम काढला. तेल साबणाने धुतलं, केस वाळवायच्या यंत्राने बिजागरी वाळवली. किंचाळी आली, पण बारीक. दारावर वजन हवं होतं. ताईचे कोट अडकवले, पुरले नाहीत. शेवटी मीच दाराला लटकलो आणि ताई दार पुढेमागे करू लागली.

"जवळ आलंय," भाऊजी कान लावून म्हणाले. "मेहुणे, पोट आत घ्या."

मी पोट आत घेतलं.

"फार घेतलंत. थोडं सोडा."

या वयात कोणाला पोट सुरात लावून दाखवायला सांगू नये. पण तिसरी तार लागली. पंखा, बेल, चौथी, पाचवी. अडीच वाजले. मी सुटकेचा श्वास टाकला.

"आता सहावी," भाऊजी म्हणाले.

"ती कशावर?"

भाऊजी जरा लाजले. "तुमच्या ताईवर. ती स्वयंपाकघरातून मला 'अहो' म्हणते ना, त्याच्यावर."

ताई अठरा वर्षांत पहिल्यांदा गोरीमोरी झाली. तिने घसा साफ केला आणि म्हटलं, "अहो."

भाऊजींनी मान हलवली. "ही कोण?"

"अहो," ताई पुन्हा म्हणाली. आणखी गोड झालं. दोन दिवसांच्या शांततेने तिचा आवाज पार खाली उतरला होता. शिवाय नवरा आपल्या हाकेवर गाणी बांधतो हे ऐकल्यावर कुठली बाई खेकसेल? मी तिला चिडवायला पाहिलं. लहानपणी तिची शाईची बाटली मीच फोडली होती हे कबूल केलं. ती हसून म्हणाली, "जाऊ दे रे." पावणेतीन झाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही ओरडायची ती रागाने नाही, आवाज पोचावा म्हणून! मी धावत सुटलो. नळ पूर्ण सोडला, पंखा लावला, फ्रीजच्या पोटात कलिंगड नीट बसवलं, आणि कपाटाच्या दाराला लटकून भिंतीला पायाने रेटे देऊ लागलो. सगळं घर एकदम कण्हायला, किंचाळायला, घरघरायला लागलं. तेवढ्यात बेल वाजली. एकदा नव्हे, वाजतच राहिली. खालच्या मास्तरीणबाई तक्रार घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी बटणावरचं बोट काढलंच नाही.

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, छत फाडून.

"अहो! दार उघडा कोणीतरी!"

"हीच ती!" भाऊजी ओरडले आणि सहावी तार लागली.

मास्तरीणबाईंना मी दारातच हात जोडले. त्या बोलायला आल्या होत्या पुष्कळ, पण आमच्या तिघांचे चेहरे बघून म्हणाल्या, "चांगली बातमी आहे वाटतं," आणि गेल्या.

कार्यक्रमाचं काय सांगू. भाऊजींनी पिवळा रेनकोट चढवला, मंचावर गेले, यावेळी तोंड प्रेक्षकांकडे केलं, आणि पहिला सूर लागला तसा माझा जीव भांड्यात पडला. मधे त्यांनी थांबून चार मिनिटं पाणी प्यायलं. लोकांना तोही गाण्याचा भाग वाटला, टाळ्या पडल्या. शेवटी सगळं सभागृह उभं राहिलं. मालकाने तिथल्या तिथे सांगितलं, आता दर शनिवार तुमचा. ताई मला बिलगून रडली. "दुकान वाचलं रे," म्हणाली. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

परत येताना भाड्याची गाडी केली. भाऊजी रेनकोट काढून पुढे बसले, आम्ही दोघं मागे. ड्रायव्हर रसिक असावा. त्याने गाणं लावलं. सुरुवातीला कोणीतरी गिटारच्या मोकळ्या तारा वाजवत होतं, सावकाश, एकेक. पहिली फ्रीज. दुसरी पाईप. तिसरीला माझं पोट आपोआप आत गेलं. ताईने माझा हात घट्ट पकडला.

"हे गाणं कुठलं हो?" मी विचारलं.

"जुनं आहे, पण काय चीज आहे बघा," ड्रायव्हर म्हणाला. "मी पण थोडी गिटार वाजवतो. सुरुवातीला सहाही तारा सुट्या वाजवल्यात ना, त्याच्यावरूनच रोज माझी गिटार लावतो. दोन मिनिटांत होते."

दोन मिनिटं! माझ्या मानेत दाराला लटकून उसण भरली होती. मी पुढे वाकून म्हणालो, "भाऊजी, हे ऐकता का तुम्ही?"

"ऐकतोय," भाऊजी म्हणाले. ते स्वतःची गाणी एकदा ध्वनिमुद्रित झाली की पुन्हा कधी ऐकत नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं. "बरं आहे. पण ती शेवटची तार जरा जास्तच ओरडते."

ड्रायव्हरला ते लागलं. "काका, ज्यातलं कळत नाही त्यावर बोलू नये माणसाने."

"बरोबर आहे," भाऊजी म्हणाले.

पण माझ्या शेजारी ताई ताठ झाली होती. "अहो! कोण जास्त ओरडतं?"

ड्रायव्हरने चकित होऊन आरशात पाहिलं. "काकांचं सोडा," तो म्हणाला, "काकू मात्र एकदम सुरात आहेत."