सुमाअक्कांची गच्चीतपासणी

शेजारच्या सुमाअक्का पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या हॉलमध्ये न टेकता थेट गच्चीवर गेल्या. साठी उलटलेल्या या बाई गुडघे टेकून उलथन्यानं गच्चीचा कोबा ठोकत होत्या आणि कान लावून आवाज ऐकत होत्या. मग पदराच्या गाठीतलं लिंबू काढून त्यांनी जमिनीवर सोडलं. पाणी जायच्या भोकाकडे न जाता ते मधोमध येऊन थांबलं.

"पाणीही इथंच थांबणार," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये गळतं ना?"

गळत होतं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर कंपनीतल्या नोकरीसाठी मी आणि माझी बायको मेधा पुण्याहून बंगळूरला आलो आणि यशवंतपूरजवळ हे जुनं घर घेतलं. अक्कांचं घराणं तीन पिढ्या इथलंच. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. "स्वल्प थांब" म्हणजे जरा थांब, हे तर त्या घड्याळालाही म्हणाल्या असत्या. गल्लीतली एकही गच्ची त्यांच्या लिंबातून सुटली नव्हती.

त्याच आठवड्यात एका रविवारी सकाळी एक कंत्राटदार स्वतःहून दारात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोजायचा टेप.

"पलीकडच्या गल्लीत काम चालू आहे, इंजिनियर साहेब," तो हिंदीत म्हणाला. "तुमच्या गच्चीची भेग रस्त्यावरून दिसली. माल उरलाय, आजच करून टाकतो. दहा वर्षांची गॅरंटी. फक्त अर्धे पैसे आत्ता द्या."

'इंजिनियर साहेब' ऐकून मी विरघळलो होतो. पैसे आणायला आत वळलो, तोच फाटकातून आवाज आला.

"स्वल्प थांब, श्रीधर."

अक्कांनी त्याला गोड कन्नडमध्ये विचारलं, "काय करणार?"

"काळं केमिकल फासणार. संध्याकाळी काम खलास."

"आणि उतार?"

"उताराचं काय, अक्का? केमिकल आहे ना."

"सरी," अक्का म्हणाल्या. म्हणजे ठीक. "पलीकडच्या गल्लीतलं काम दाखव. दोन मिनिटांवर तर आहे."

"मालक घरी नाहीत."

"गच्ची तर घरीच असेल."

आम्ही निघालो. अक्का उलथनं घेऊन पुढे, मध्ये कंत्राटदार, मागे मी. वाटेत लोक विचारत गेले आणि मागे येत गेले. पलीकडच्या गल्लीत पोचेपर्यंत आम्ही दहाबारा जण झालो होतो. कंत्राटदाराला घाम फुटला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि कुलूप लावलेल्या पहिल्याच घराकडे बोट केलं.

"हेच ते."

अक्कांनी मान वर केली. आम्हीही केली. घरावर लालभडक मंगलोरी कौलं होती.

"केमिकल कुठं फासलंस?" अक्कांनी शांतपणे विचारलं. "कौलांवरच्या मांजराला?"

अख्खी गल्ली हसली. हसणं थांबलं तोवर तो कोपऱ्यापर्यंत पोचला होता. आमच्या ओट्यावर राहिलेला टेप न्यायलाही तो परत आला नाही.

पुढे अक्कांनीच त्यांच्या माहितीचा गवंडी आणला. त्यानं जुना कोबा उखडून नव्यानं उतार काढला. मग कडेनं मातीचा बांध घालून चार दिवस गच्चीवर पाणी साठवलं. ते चारही दिवस अक्का हॉलमध्ये खुर्ची टाकून छताकडे बघत बसल्या. एक थेंब आला नाही. तेव्हाच त्यांनी गवंड्याचे शेवटचे पैसे देऊ दिले.

गच्ची जिंकल्याबद्दल आम्ही शेजाऱ्यांना गच्चीवरच कॉफीला बोलावलं. कौलांची गोष्ट अक्कांनी रंगवून सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, "पण पहिला संशय श्रीधरला आला. त्यानंच मला बोलावून घेतलं."

लोक माझ्याकडे कौतुकानं बघू लागले. मी कॉफीत बघत राहिलो.

सगळे गेल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "अक्का, मी तर पैसे आणायला निघालो होतो."

त्या कठड्याला धरून थांबल्या. "आमचे हेही असेच फसले होते. सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, म्हणून जास्तच लागलं त्यांना. आणि मी पावसाळाभर चारचौघांत टोमणे मारले. पुढच्या पावसाळ्याला ते नव्हते." त्या एक पायरी उतरल्या. "मेधाला खरं सांगू नकोस."

मेधा माझ्या मागेच उभी होती. कंत्राटदार आला त्या सकाळी पैशांचं कपाट तिनंच उघडून दिलं होतं. खाली उतरून तिनं अक्कांचा हात धरला.

"आज जेवूनच जा," ती म्हणाली.